कूमचे चार टायर

पहिला बर्फ पडला त्या सकाळी ओब्रादने अंगणात गाडी सुरू करून ठेवली, आतला हीटर लावला, काचेवरचा बर्फ खरवडला आणि हॉर्न वाजवला. त्याची बायको देसांका दोन्ही मुलींना घेऊन घरातून बाहेर आली, गाडीच्या बाजूने सरळ पुढे गेली, फाटक उघडलं आणि शाळेच्या रस्त्याने चालायला लागली. धाकटी नेवेना मागे वळून बापाला हात करत होती. निदान कोपऱ्यापर्यंत तरी बसा, असं ओब्रादने काच खाली करून विनवलं.

"टायर," देसांका न थांबता म्हणाली.

त्या एका शब्दात गेला फेब्रुवारी सगळा आला. झ्लातार डोंगराच्या उतारावर हीच गाडी होती, हेच टायर आणि हेच चौघं. ओब्रादने ब्रेक दाबला, पण गाडी काही त्याचं ऐकेना. ती आपली सावकाश, चरायला निघालेल्या म्हशीसारखी, तिला वाटेल तिकडे निघाली आणि कुंपण मोडून कुणाच्या तरी गवताच्या गंजीत तोंड खुपसून थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण ती घसरत असताना ओब्राद नुसतं "काही होत नाही, काही होत नाही" म्हणत होता आणि देसांकाने दोन्ही पोरींची डोकी मांडीत दाबून धरली होती. केसांतलं गवत काढता काढता तिने सांगून टाकलं, की धड टायर बसल्याशिवाय मी मुलींना घेऊन या गाडीत पाय ठेवणार नाही. पुढे उन्हाळा आला, आणि उन्हाळ्यात आमच्या नोवा वारोश गावात हिवाळ्याच्या टायरचा विषय काढणाऱ्याला लोक वेड्यात काढतात.

यंदा मात्र तिने स्वतःच दुकानात जाऊन सगळी चौकशी केली होती. गाडी मोठी आणि अंगाने जड, तेव्हा टायरही तेवढं वजन पेलणारा हवा. चारही एकाच जातीचे हवेत, दोन नवे आणि दोन जुने असलं काही चालणार नाही. रबर थंडीतही मऊ राहणारं हवं, नख रुतलं पाहिजे. आणि मुख्य म्हणजे टायरच्या अंगावर तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात बर्फाची चांदणी कोरलेली हवी. नुसती अक्षरं कोरलेली असली तर तो चिखलात चालेल, बर्फात नाही. हे सगळं तिने ओब्रादला दोनदा ऐकवलं आणि त्याच्याकडून वदवूनही घेतलं.

घाई होती ती डिसेंबरातल्या संत निकोलाच्या दिवसाची. त्या दिवशी देसांकाच्या माहेरी, वर घाटापलीकडच्या गोर्न्या बुक्वात, स्लावा असते, म्हणजे त्या घराण्याच्या संताचा सण. तिची आई जूनमध्ये गेली होती. आईवाचूनची ही पहिलीच स्लावा, आणि म्हातारा बाप त्या लांबलचक टेबलाशी एकटा बसणार होता. मी जाणार म्हणजे जाणार, ती म्हणाली होती, तुझ्या गाडीने नाही तर बसने, आणि बस जिथे थांबते तिथून पुढे मुलींना घेऊन बर्फातून चालत. ओब्रादला ती वाट माहीत होती. त्या वाटेवर मुलींना चालू द्यायची त्याची मुळीच तयारी नव्हती.

तर मग दुकानात जायचं, टायर घ्यायचे, बसवायचे. यात घोडं कुठे पेंड खात होतं? ते कूमपाशी.

कूम म्हणजे ओब्रादच्या लग्नात त्याच्या शेजारी साक्षीला उभा राहिलेला आणि दोन्ही पोरींच्या बाप्तिस्म्याला त्यांना हातांवर घेतलेला विटोमिर. सख्ख्या भावाशी माणूस भांडू शकतो, कूमशी नाही. त्यातून या विटोमिरची लाकडाची वखार, ओळखी दांडग्या, आणि जगातल्या प्रत्येक वस्तूसाठी त्याचा कुठे ना कुठे एक 'माणूस' असायचा. मागे ओब्रादने त्याला न विचारता दुकानातून फ्रिज आणला होता. विटोमिर त्यानंतर वर्षभर कॉफीला येत राहिला, पण फ्रिजकडे पाठ करून बसायचा. त्याच्यासमोर फ्रिज उघडायचीसुद्धा चोरी झाली होती. म्हणून या खेपेला ओब्रादने आधी फोन केला. दुसरं काही नाही, नुसतं कानावर घालायला.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विटोमिर म्हणाला, "दुकानात पाय ठेवलास तर बघ. माझा माणूस आहे स्येनित्साला. टायर माझ्याकडून, भेट."

नको म्हणायला ओब्रादने तोंड उघडलं आणि आभार मानून फोन ठेवला.

आठवडा उलटायच्या आत विटोमिर स्वतः चार टायर घेऊन आला. प्रकरण दांडगं होतं. खाचा इतक्या खोल, की त्यांत कोंबडीने अंडी घातली असती. ट्रॅक्टरला शोभले असते. ओब्रादची आई मिलेवा तर बघतच राहिली. तळघरात कोबीच्या लोणच्याचं पिंप आणि लाल मिरचीच्या चटणीच्या बरण्या, पाय ठेवायला जागा नाही, म्हणून तिने चारही टायर दिवाणखान्यात भिंतीशी ओळीने उभे केले. विटोमिर गेल्यावर देसांका उकिडवी बसली आणि एकेक टायर हाताने चाचपायला लागली. अक्षरं होती, पण डोंगर नव्हता, आणि चांदणीही नव्हती. अंगठ्याचं नख दाबलं, तर नखच वाकलं.

"हे परत दे," ती म्हणाली.

"उद्या सांगतो त्याला," ओब्राद म्हणाला, आणि त्याच्या मनातही खरंच तसंच होतं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात फादर सावा उभे. ओब्रादच्या घरची स्लावा नोव्हेंबरात येते, आणि तिच्या आधी फादर घरोघर येऊन पाणी मंतरून देतात. त्या दिवसांत त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. वाळलेल्या तुळशीची जुडी पाण्यात बुडवून त्यांनी भिंतींवर शिंपडलं, पोरींच्या डोक्यावर शिंपडलं, टीव्हीवर शिंपडलं, आणि भिंतीशी उभे टायर पाहून थबकले. मिलेवाने संधी साधली. गेल्या फेब्रुवारीतल्या गंजीची सगळी कथा तिने त्यांना तिखटमीठ लावून ऐकवली. फादर दयाळू माणूस. त्यांनी चारही टायरांवर भरपूर पाणी शिंपडलं आणि प्रवासाला निघणाऱ्यांसाठीची प्रार्थनाही म्हटली. ते गेल्यावर म्हातारीने पांढरा रंग काढला आणि प्रत्येक टायरच्या कडेला बोटाएवढा एकेक क्रूस रंगवला. आता कसली भीती नाही, असं तिने सुनेला बजावलं.

ओब्राद पाणीखात्यातल्या नोकरीवरून घरी आला तेव्हा हे सगळं उरकलेलं होतं. तो टायरांसमोर खुर्ची घेऊन बसला. कूमची भेट, ती परत करता येत नाही. त्यातून आता मंतरलेली, म्हणजे ती फेकता येत नाही, विकताही येत नाही. आणि बायको तर ती लावलेल्या गाडीत बसायला तयार नाही. सकाळी देसांका पुन्हा मुलींना घेऊन चालत शाळेला निघाली, आणि या वेळी नेवेनानेही हात केला नाही.

घरची स्लावा आली. कूम येणार, म्हणजे तो आधी गाडी बघणार. ओब्रादने ते टायर गाडीला चढवून घेतले. विटोमिर आला आणि टोपी न काढता गाडीभोवती एक चक्कर मारून आला.

"देसांका काय म्हणते?" त्याने विचारलं.

"काय म्हणणार? खूश आहे," ओब्राद म्हणाला. एवढ्यावर थांबला असता तर बरं होतं. "इतकी निर्धास्त झालीय, की गाडीत झोप काढते."

विटोमिरने त्याच्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं आणि तो आत गेला. देसांका भाजलेल्या मांसाचं ताट घेऊन दारातच उभी होती. हे सगळं तिने ऐकलं होतं. दिवसभर पाहुण्यांची सरबराई तिने हसतमुखाने केली, आणि त्या हसण्याने ओब्रादची पाचावर धारण बसली.

दुसऱ्या दिवशी तो मुकाट्याने दुकानात गेला आणि तिने सांगितलेले टायर घेऊन आला. डोंगर होता, त्यात चांदणी होती, नख रुतत होतं. कूमचे टायर त्याने तळघरात कोबीच्या पिंपामागे ढकलले. देसांकाने चारही चाकांभोवती फिरून पाहिलं, मुलींना मागे बसवलं आणि स्वतः पुढे बसली. घसरड्या चढावर गाडी शहाण्यासारखी वर गेली. ओब्रादला वाटलं, सुटलो एकदाचा.

"आता कूमला सांग," ती म्हणाली.

"सांगतो की. हे सणवार होऊ दे."

विटोमिर आता दर रविवारी यायला लागला. आला की पहिला प्रश्न तोच, देसांका काही म्हणाली का? ओब्राद त्याला तिच्या तोंडचं नवनवं कौतुक रचून सांगायचा. गाडीवर तो ताडपत्री घालून ठेवायचा आणि बर्फापासून जपतोय म्हणायचा. दर रविवारी विटोमिर आणखीनच गप्प होऊन जायचा. आणि संत निकोलाचा दिवस आठवड्यावर आला तेव्हा त्याचा फोन आला: तुम्ही वर जाताय ना, मीही येतो, तुमच्याच गाडीतून. देसांकाच्या आईने मला पोटच्या पोरासारखं जेवू घातलंय. आणि माझे टायर घाट कसे चढतात तेही बघतो.

आता आली का पंचाईत? विटोमिर गाडीत म्हणजे गाडीखाली विटोमिरचे टायर हवेत. देसांका गाडीत म्हणजे ते नकोत. ओब्रादने दोन दिवस डोकं खाजवलं. मग म्हातारीचा पांढरा रंग शोधून काढला आणि दुकानातल्या टायरांवर बोटाएवढे चार क्रूस काढले. बर्फाच्या राड्यात खाचा कोणाला दिसणार? क्रूस दिसले की झालं.

नेमकी त्याच संध्याकाळी मिलेवा कोबी काढायला तळघरात उतरली. पिंपामागे तिला क्रूसवाले चार टायर दिसले, आणि वर अंगणात गाडीलाही क्रूसवाले चार. ती ताट हातात घेऊनच वर आली.

"खोटे क्रूस? माझ्या नातींच्या गाडीला?" ती ओरडली नाही, आणि त्यामुळेच जास्त भीती वाटली. "जा, फादरना घेऊन ये. नाहीतर मी विटोमिरला फोन करते."

फादर सावांचे ते दिवस म्हणजे लगीनघाई. आमचं अर्धं गाव संत निकोलाचं, आणि उरलेलं अर्धं त्यांच्याकडे जेवायला. ओब्रादने त्यांना रस्त्यात गाठलं आणि हातापाया पडून अंगणात आणलं. त्यांनी गाडीच्या टायरांवर पाणी शिंपडलं, प्रार्थना भराभर म्हटली, आणि आधीचे चार कुठे आहेत म्हणून सहज विचारलं. मिलेवाने त्यांना तळघरात नेलं. वर येताना फादरचा चेहरा उजळला होता. त्यांची स्वतःची जुनाट जीप, तिचे टायर अंड्यासारखे गुळगुळीत झालेले, आणि तिच्यातून त्यांना डोंगरातली सगळी घरं घ्यायची. मापही एकच. देवाच्या कामाला जातील, याहून चांगलं काय, असं मिलेवा म्हणाली, आणि टायर जीपमध्ये चढलेसुद्धा.

ओब्राद कात्रीत सापडला. ते बर्फाचे नाहीत म्हणावं तर आईला कळणार, कूमची भेट टाकाऊ होती, आणि आईला कळलं की दुसऱ्या दिवशी गावाला कळणार. "फादर, बर्फात जरा जपून," एवढंच तो बोलू शकला.

"भीती कसली? मंतरलेले आहेत," फादर म्हणाले. "मीच मंतरलेत."

संत निकोलाच्या दिवशी सकाळी आभाळ खाली उतरलं होतं आणि बर्फ पडत होता. देसांका गाडीपाशी आली. आईच्या नावाचं शिजवलेल्या गव्हाचं भांडं तिने छातीशी धरलं होतं. ते भांडं घेऊन ती बसने जायलाही तयार होती, हे तिच्या चालायच्या जाड बुटांवरून दिसत होतं.

"कूमला सांगितलंस?"

"वाटेत सांगतो. शब्द देतो."

"घाटाच्या माथ्यापर्यंत," ती म्हणाली. "नाहीतर माथ्यावर मी मुलींना घेऊन उतरणार. आपल्या गाडीत मला खोटं घेऊन आईच्या घरी जायचं नाही."

विटोमिर आला तो एक फावडं आणि दोरखंड घेऊन. हे कशाला, असं ओब्रादने विचारलं, तर असावं म्हणून, असं पुटपुटत त्याने ते डिक्कीत टाकलं. गाडी निघाली. विटोमिर पुढे ओब्रादच्या शेजारी, देसांका मागे दोन्ही मुलींच्या मधे, मांडीवर भांडं.

घाट सुरू झाला. गाडी छान चढत होती. प्रत्येक वळणाआधी ओब्राद मनात वाक्य जुळवायचा, "कूम, एक सांगायचं होतं," आणि प्रत्येक वळणावर विटोमिर म्हणायचा, "बघ, बघ कसे चढतायत." एका हाताने त्याने दारावरची मूठ इतकी घट्ट धरली होती, की बोटं पांढरी पडली होती, पण ते बघायला ओब्रादला सवड कुठे होती? तो आरशात बायकोचा चेहरा बघत होता. वळणं संपत आली. देसांकाने थोरल्या तियानाच्या गळ्याभोवतीचा मफलर आवळला, नेवेनाची टोपी कानांवर ओढली, आणि तिच्या अंगावरून हात लांबवून तो दाराच्या खिट्टीवर ठेवला. ओब्रादने आरशातून ते पाहिलं. आत्ता नाही बोललो तर ही उतरेल, आणि पुन्हा या गाडीत कधी बसणार नाही, हे त्याला स्वच्छ कळत होतं, तरी वाक्य काही जुळत नव्हतं.

आणि माथ्याच्या वळणावर रस्त्यात आडवी जीप उभी होती.

ओब्रादने ब्रेक दाबला. जीप काचेतून मोठी मोठी होत गेली आणि त्याच्या तोंडून सवयीने "काही होत नाही" एवढं निघालं, तोवर गाडी थांबलीसुद्धा. जराशी थरथरली आणि उतारावर जागच्या जागी धरून राहिली.  देसांकाचा हात खिट्टीवरून सुटून भांड्यावर आला होता.

जीपचं तोंड बर्फाच्या ढिगात गेलेलं, मागची चाकं रस्त्यावर. शेजारी फादर सावा उभे, झग्याची किनार ओली, हातात तुळशीची जुडी. त्यांना काहीही झालं नव्हतं. ओब्रादने देवाचे आभार मानले, आणि मानता मानता त्याची नजर जीपच्या मागच्या चाकावर गेली. बर्फ झडून गेला होता आणि पांढरा क्रूस लख्ख दिसत होता.

विटोमिर खाली उतरला. "फादर, कसले टायर घालून फिरता?" तो म्हणाला. "माझे बघा, काय थांबली गाडी."

"माझेही तुझेच आहेत, विटोमिर," फादर भाबडेपणाने म्हणाले. "मिलेवाबाईंनी दिले. देव त्यांचं भलं करो."

विटोमिरने जीपच्या क्रूसकडे पाहिलं. मग वळून ओब्रादच्या गाडीच्या क्रूसकडे पाहिलं. मग पुन्हा जीपकडे. मागच्या दाराची काच खाली झाली.

"माथा आला, ओब्राद," देसांका म्हणाली.

ओब्रादने टोपी काढली. का काढली ते त्यालाही सांगता आलं नसतं. "कूम, तुझे टायर मी तुला दाखवण्यापुरते लावले आणि लगेच काढले. ते बर्फाचे नाहीत. देसांका त्यांवर बसायला तयार नव्हती आणि तिचं बरोबर होतं. तुला सांगायची मला हिंमत झाली नाही, म्हणून ते फादरच्या गळ्यात गेले. आज त्यांचा जीव गेला असता."

विटोमिर हळूच जीपच्या बंपरवर टेकला. ओब्रादला वाटलं, वीस वर्षांचं नातं आत्ता या घाटात पुरलं जाणार.

"म्हणजे मुली एकदाही त्यांवर बसल्या नाहीत?" विटोमिरने विचारलं.

"एकदाही नाही."

विटोमिरने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. हात काढले तेव्हा तो पार सैलावला होता. स्येनित्साचा तो माणूस म्हणजे त्याचा स्वतःचा कूम होता. त्याने ते टायर गेल्या वर्षी विटोमिरला भेट दिले होते. विटोमिरची बायको रादमिला एकदाच त्या गाडीत बसली, पहिल्या वळणावर उतरली आणि चालत घरी गेली. तेव्हापासून विटोमिरच्या गाडीला दुकानातले टायर होते, डोंगर आणि चांदणीवाले.

"मग ते मला का दिलेस?" ओब्रादने विचारलं.

"कूमची भेट फेकायची कशी? आणि तेवढ्यात तुझा फोन आला. म्हटलं, तिथे देसांका आहे. ती एका नजरेत ओळखेल आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दारात आणून आपटेल. मग मी स्येनित्साला सांगायला मोकळा, की बाबा, मी दिले पण लोकांना नको झाले. दर रविवारी मी त्याच आशेने येत होतो. आणि तू सांगायचास, ती गाडीत झोपते. माझी झोप उडाली. मुलींना घेऊन वर निघालात हे कळल्यावर राहवेना, म्हणून फावडं घेऊन आलो."

"खरं सांगायचं सोडून फावडं घेऊन आलात," देसांका गाडीतून म्हणाली. "म्हणजे माझ्या पोरींचा जीव तुम्ही दोघांनी माझ्या फटकळपणावर टाकला होता."

 दोघांनी मुकाट्याने बर्फ उपसला, दोरखंड बांधला, गाडीने जीपला ओढून कडेला लावलं. जीप आता आणखी पुढे जाणार नव्हती, आणि फादर वेळेवर पोहोचले नाहीत तर देसांकाच्या आईच्या नावाची प्रार्थना कोण म्हणणार? त्यांना गाडीत घेणं भाग होतं. देसांका उतरून स्टेअरिंगवर बसली. बर्फात तिने याआधी कधी गाडी चालवली नव्हती. फादर पुढे बसले, मुली मागे, आणि मागेच एक जागा उरली.

"तू बस, कूम," ओब्राद म्हणाला.

"छे, छे. सासुरवाडी तुझी. तू बस."

"तू पाहुणा आहेस."

"तू जावई आहेस. मी येतो चालत, मला आवडतं चालायला."

"असं कसं? तू बसल्याशिवाय मी बसणार नाही."

देसांकाने थोडा वेळ ऐकून घेतलं. मग हात मागे करून दार ओढून घेतलं, गिअर टाकला आणि निघून गेली. दोघे रस्त्यात उभे राहून बघत राहिले. पुढच्या वळणावर गाडी नीट वळली आणि दिसेनाशी झाली. नव्या टायरांची नक्षी बर्फात स्वच्छ उमटली होती, आणि तिच्यामागून दोघे कूम फावडं खांद्यावर टाकून गोर्न्या बुक्वाला निघाले.

ते पोहोचले तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजलेले होते. आत मेणबत्ती जळत होती, फादर सावा प्रार्थनेत देसांकाच्या आईचं, स्तान्काचं, नाव घेत होते, आणि म्हातारा वुकोमान लेकीचा हात धरून उभा होता. ओब्राद दारातच थांबला.  ही इथे वेळेवर पोहोचली, एवढंच त्याच्या मनात येत राहिलं.

मग सगळे जेवायला बसले. म्हाताऱ्याने सगळ्यांना राकिया, म्हणजे फळांची कडक दारू, ओतली. एक घोट पोटात गेल्यावर त्याला काहीतरी आठवलं.

"फादर सांगत होते, खाली घाटात चार टायर आहेत म्हणे, मंतरलेले. खाचा अशा खोल." तो जावयाकडे वळला. "मला नकोत रे, माझ्याकडे कुठली गाडी? पण माझा कूम कधीचा चांगले टायर शोधतोय."

"नाही," ओब्राद आणि विटोमिर एका दमात म्हणाले.

 ओब्रादला आपण काय बोललो ते ऐकून स्वतःचंच नवल वाटलं. म्हाताऱ्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि खांदे उडवले.

"नाही तर नाही," तो म्हणाला आणि पाव पुढे सरकवला.

चुलीपाशी उभी असलेली देसांका मागे वळली. माशाच्या सूपचा मोठा वाडगा तिने भरला, तळाचा चांगला तुकडा शोधून त्यात घातला, आणि तो बाप, कूम, फादर असं सगळ्यांना ओलांडून आधी ओब्रादपुढे ठेवला. परत जाताना मात्र गाडी तीच चालवणार होती.